धनाला लावलेली तलवार

“तलवार ऋणाला? बाई, आमच्या घराण्यात ऋण न्हाई कुणाचं.”

दादासाहेब किल्लेदार हे अशा थाटात बोलले, की परचुरे सरांनी मान खाली घातली आणि मी ओठ आवळून हसू गिळलं. शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या पडवीत आम्ही तिघंच होतो. दादासाहेब वेताच्या खुर्चीत, मुख्याध्यापक परचुरे सर त्यांच्या मागे हात बांधून उभे, आणि मी दगडी डोणीपाशी उकिडवी, हातात तारेचा चिमटा घेऊन. डोणीत धुण्याचा सोडा कालवलेलं पाणी होतं. पूर्वी या डोणीत दादासाहेबांच्या वडिलांची घोडी पाणी प्यायची. आता तिच्यात किल्लेदारांच्या पूर्वजांची तलवार बुडवायची होती, म्हणून दादासाहेब सुतकी चेहरा करून बसले होते.

शेजारी ट्रॅक्टरच्या गॅरेजातून मागून आणलेला बॅटरी चार्जर होता. त्याच्या दोन तारांना मी वर्गात लावते तशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. लाल तारेवर ‘धन’, काळ्या तारेवर ‘ऋण’. तिथेच घोटाळा झाला. मराठी पुस्तकवाल्यांनी विजेच्या दोन टोकांना सावकाराघरची नावं का दिली, देव जाणे.

“दादासाहेब, हे ते ऋण नव्हे,” मी म्हणाले. “हे नुसतं विजेचं टोक. गंजलेली वस्तू ऋण टोकाला जोडायची आणि समोर एखादं टाकाऊ लोखंड धन टोकाला. वीज सुरू केली की ऋणाकडच्या वस्तूचा गंज सुटतो. धनाकडचं लोखंड झिजतं. म्हणून तिथे टाकाऊ लावायचं.”

“म्हंजे धनाला लावलेलं खाल्लं जातं?”

“हो.”

“आणि ऋणाला लावलेलं उजळतं?”

“हो, दादासाहेब.”

“उलटाच न्याय हाय की तुमच्या शास्त्राचा.”

“शास्त्रात न्याय नसतो, नियम असतो,” मी म्हणाले. परचुरे सरांनी मागून मला डोळ्यांनी दटावलं.

त्यांनी दटावलं ते माझ्याच भल्यासाठी, हे कबूल करायला हवं. मी मूळची सांगलीची. बी.एस्सी., बी.एड. होऊन या कसब्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि दोन्ही वर्षं टेम्पररी. मला कायम करण्याची ऑर्डर टाइप होऊन संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर पडली होती. तिच्यावर फक्त सही नव्हती. जूनच्या आत सही झाली नाही तर मी घरी. घरी म्हणजे आई, आणि मामाने उपकार म्हणून दिलेली एक खोली, जिथे मामी येताजाता विजेचा दिवा मालवून जायची. ती सही मला हवी होती. आणि संस्थेचे अध्यक्ष म्हणजे समोर वेताच्या खुर्चीत बसलेले हे महाशय.

दादासाहेब स्वतःला नॉनमॅट्रिक म्हणवून घेत. म्हणजे सातवी नापास. दर पंधरा ऑगस्टला ते मुलांना शिक्षणाचं महत्त्व सांगत आणि ‘विद्यार्थी’ला ‘विद्यार्ती’ म्हणत. या माणसाच्या सहीवाचून आपलं अडावं, याचा मला रोज सकाळी पहिल्या चहाबरोबर संताप यायचा. परचुरे सरांना तसलं काही होत नसे. त्यांचा कणा बदल्यांच्या गडबडीत कुठल्या तरी जुन्या शाळेत राहून गेला असावा. दादासाहेब शिंकले तरी ते ‘बरोबर आहे’ म्हणत. आता दोघेही नाहीत, म्हणून मोकळेपणी सांगते आहे.

तलवारीचं प्रकरण असं. दादासाहेबांचे खापरपणजोबा कुठल्याशा किल्ल्याचे किल्लेदार होते. कुठल्या, ते भाषणागणिक बदलायचं. पण त्यांची तलवार मात्र एकच होती आणि ती दादासाहेबांच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली असे. दसऱ्याला सगळा कसबा तिच्या पाया पडायला जायचा, आणि तिला हात लावून शपथ घेतली की भांडणं मिटायची. दिसायला ती पितळेच्या मुठीत खोवलेली गंजाची काठी होती. शाळेचा रौप्यमहोत्सव ठरला तेव्हा ही तलवार शाळेला देऊन सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायची, अशी घोषणा दादासाहेबांनी केली. प्रमुख पाहुणे म्हणून कर्नल मोहोळकर नावाचे निवृत्त लष्करी अधिकारी यायचे होते. त्यांनी परचुरे सरांना कळवलं, ‘मला जुन्या शस्त्रांचा नाद आहे. तलवार साफ करून ठेवा, पात्यावरच्या खुणा पाहायला आवडतील.’

परचुरे सर हरखले. “आपल्या शेटेबाई विज्ञानाने साफ करतील,” असं त्यांनी भर सभेत जाहीर करून टाकलं. दादासाहेब तेव्हा नाराज झाले होते.

“गंज हाय म्हणून तर जुनी हाय,” ते म्हणाले होते. “गंज काढल्यावर राहिलं काय?”

हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. पण सभेत टाळ्या पडून गेल्या होत्या आणि अध्यक्षांना माघार घेता येईना. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही त्या पडवीत जमलो होतो. महोत्सव सोमवारी होता.

मी आधीच मूठ काढून ठेवली होती. नुसतं पातं काळ्या तारेला जोडलं. टाकाऊ लोखंड म्हणून परचुरे सरांनी मुलांच्या संडासाच्या मोडक्या दाराची आडवी पट्टी आणून दिली होती. हिरवा ऑइलपेंट, त्यावर गंज, स्क्रूची चार भोकं, आणि कुणीतरी दारावर लाथ हाणल्यामुळे एका बाजूला आलेला बाक. ती मी लाल तारेला लावली. दोन्ही एकमेकांना चिकटणार नाहीत असं समोरासमोर डोणीत सोडलं आणि बटण दाबलं.

पात्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले. थोड्या वेळाने पाण्यावर मळकट फेस आला. दादासाहेब खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. अर्ध्या तासाने मी वीज बंद केली, पातं उचललं आणि मुठीजवळ जुन्या टूथब्रशने घासलं. गंजाची खपली ओल्या बिस्किटासारखी सुटली आणि खालून करडं, स्वच्छ पोलाद दिसलं. मला मनापासून आनंद झाला. मी अजून थोडं घासलं तेव्हा तिथे बारीक कोरीव रेघा दिसायला लागल्या.

“सर, इथे काहीतरी कोरलंय,” मी म्हणाले.

परचुरे सर जवळजवळ डोणीत पडले. “अक्षरं आहेत. मोडी असणार. दादासाहेब, आपल्या खापरपणजोबांचं नाव असणार.”

“आत्ता नीट वाचता येत नाही,” मी म्हणाले. “पण सोमवार सकाळपर्यंत असंच चालू ठेवलं तर सगळं स्वच्छ दिसेल. कर्नलसाहेबांना चष्मासुद्धा लागणार नाही.”

दादासाहेबांनी खिशातून पानाची चंची काढली, पान लावलं, ते हातातच धरून ठेवलं. मग प्रश्न सुरू केले. असले प्रश्न माझ्या पाचवीतल्या मुलांनीही विचारले नसते.

“बाई, समजा कुणी चुकून तारा उलट्या लावल्या तर?”

“तर तलवार खाल्ली जाईल, दादासाहेब. आणि संडासाची पट्टी उजळेल.”

“सगळी खाल्ली जाईल?”

“या सोड्याच्या पाण्यात सगळी नाही. पण खराब होईल.”

“आणि मीठ पडलं तर? आमच्या घरी पितळेला चिंच-मीठ लावत्यात.”

मी परचुरे सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. “मीठ अजिबात नको,” मी शब्द मोजून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. “तारा उलट्या आणि वर मीठ, असं कुणी केलं तर दोन दिवसांत पात्याची जाळी होईल. शिवाय विषारी वायू सुटतो. आपण चिंच-मीठ पितळेलाच लावू.”

“बरं, बरं,” दादासाहेब म्हणाले. “माहीत असलेलं बरं. पोरंबाळं हुंदडत्यात हितं.” मग पडवीच्या दाराची किल्ली परचुरे सरांकडून मागून घेतली. “वाडवडलांची वस्तू हाय. किल्ली माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

जाताना ते पुन्हा थांबले. काळ्या तारेवरची चिठ्ठी बोटाने दाखवत म्हणाले, “तेवढं ऋण मात्र मनाला लागतंय, बाई.” परचुरे सर म्हणाले, “बरोबर आहे.”

रविवारी मी सांगलीला आईकडे गेले. तिला सगळी हकिकत नकला करून सांगितली. चिंच-मिठाचं सांगताना मला ठसका लागला. आई हसली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “सही होईपर्यंत तरी दात दाखवू नकोस, इंदू.”

“अगं, त्यांना कळतंय कुठे?”

“हसलेलं सगळ्यांना कळतं,” ती म्हणाली.

सोमवारी पहिल्या एसटीने मी परत आले. शाळेला पताका लागल्या होत्या. पडवीत पाऊल टाकलं तर वास आला, नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर जास्त पडल्यावर येतो तसा. दार उघडं होतं. दादासाहेब रेशमी फेटा बांधून वेताच्या खुर्चीत बसले होते. परचुरे सर नवा कोट घालून भिंतीला टेकले होते. मी डोणीत पाहिलं. पाणी नव्हतं तिथे, तांबूस चिखल होता. मी त्यात काठी घातली आणि काळी तार वर ओढली. वर आली ती संडासाची पट्टी. हिरवा रंग सालपटासारखा लोंबत होता आणि आतून लोखंड लख्ख निघालं होतं. मग मी लाल तार ओढली. तलवारीचा वीतभर तुकडा हाताला लागला. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. बाकीचं चिखलात गेलं होतं.

“तारा कुणी बदलल्या?” मी विचारलं.

“म्या बदलल्या,” दादासाहेब शांतपणे म्हणाले. “शनिवारी रात्री झोप लागंना. वाडवडलांची तलवार ऋणाला पडलीया, हेच डोळ्यांसमोर. म्हटलं, धनाला लावू.”

“आणि मीठ?”

“घरनं आणलं. उजाळा लवकर येतोय म्हून.”

“मी सांगितलं होतं तुम्हांला. शब्द न् शब्द सांगितला होता. अहो, पाचवीतलं पोर—”

“शेटेबाई,” परचुरे सर कळवळून म्हणाले.

राग तर होताच, पण त्याहून मोठी भीती होती. हा माणूस आता अध्यक्ष म्हणून काय करणार, ते मला स्पष्ट दिसत होतं. आपण केलेली घाण दुसऱ्याच्या अंगावर टाकायची. बाईंच्या प्रयोगात तलवार गेली म्हणायचं, आणि बाई टेम्पररी आहेतच. मी मनातल्या मनात मामाच्या त्या खोलीत सामान लावायला घेतलं. या गाढवासमोर दोन वर्षं मान झुकवली ती या दिवसासाठी, असं वाटून मी रडायच्या बेतात आले.

पण दादासाहेबांनी तसलं काही केलं नाही. उठले, ती संडासाची पट्टी हातात घेऊन तोलून पाहिली, तिच्या बाकावरून अंगठा फिरवला. “परचुरे, मूठ कुठाय?”

“मूठ?” सर म्हणाले.

“पितळेची मूठ. हिला बसती का बघा. आणि वाइच विटेचा भुगा लावून घासा. पाव्हणं अकराला येत्यात.”

परचुरे सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. मग त्यांनी नवा कोट काढून खुंटीला अडकवला, खाली मांडी घातली आणि ‘बरोबर आहे’ म्हणत मुलांच्या संडासाची पट्टी विटेच्या भुग्याने घासायला घेतली. एम.ए., बी.टी., राज्यशास्त्र आणि इतिहास. मुठीच्या खाचेत कापडाच्या चिंध्या कोंबून त्यांनी पट्टी घट्ट बसवली. बाक असल्यामुळे ती खरोखरच तलवार दिसायला लागली, एवढं मला मान्य करावं लागलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. लाल मखमलीवर, झाकण उघडलेल्या काचेच्या पेटीत ती वस्तू ठेवली होती. गुरुजींनी मंत्र म्हटले, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. ज्या वस्तूला माझी नववी ब ची पोरं रोज मधल्या सुट्टीत लाथ मारायची, तिच्यापुढे त्यांचेच आईबाप रांगेने डोकं टेकत होते. एका म्हातारीने तर तिच्यावरून नातवाला ओवाळून बोटं मोडली.

कर्नल मोहोळकरांवर माझी थोडी आशा होती. हा माणूस तरी ओळखेल, असं वाटत होतं. मिशा भरघोस होत्या, छातीवर पदकं होती. पण समारंभाआधीच्या गप्पांत कळलं, की साहेबांनी सगळी नोकरी पुरवठा खात्यात काढली होती. डाळ, तांदूळ आणि रॉकेलचे ट्रक. जुन्या शस्त्रांचा नाद म्हणजे घरच्या भिंतीवर दोन भाले. ते पेटीवर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

“ही भोकं कसली?” त्यांनी विचारलं.

चार भोकं, एका रेषेत, सारख्या अंतरावर. सुताराने पेन्सिलीने खूण करून पाडलेली.

“गोळ्या,” दादासाहेब म्हणाले.

“गोळ्या?”

“शत्रूनं झाडल्या. खापरपणजोबांनी तलवारीवर झेलल्या. चार झेलल्या, पाचवी छातीवर.”

कर्नल सरळ उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि त्या पट्टीला कडक सॅल्यूट केला. टाळ्यांनी पत्रे हादरले. परचुरे सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाचवी गोळी त्यांनाही नवीन होती.

आणि मग परचुरे सरांनीच माझं नाव पुकारलं. ही किमया विज्ञानाने कशी केली, ते शेटेबाईंनी दोन शब्दांत सांगावं. मी माइकपाशी गेले. समोर माझे दहावीचे दोन्ही वर्ग बसले होते. त्यांच्याकडून हा धडा मी पाठ करून घेतला होता, बोर्डाला येणारा म्हणून. बाजूला दादासाहेब फेटा सावरत होते. माझी सही त्यांच्या हातात होती आणि मला ते पुरेपूर माहीत होतं. पण त्या सॅल्यूटनंतर मला गप्प राहवेना.

“विजेने लोखंड साफ करताना दोन टोकं असतात,” मी म्हणाले. “ऋण टोकाला जे लावाल ते उजळतं. धन टोकाला जे लावाल ते झिजून नाहीसं होतं. हा नियम आहे, त्याला अपवाद नाही. मी तलवार ऋणाला लावली होती आणि शाळेच्या संडासाची पट्टी धनाला. शनिवारी रात्री माननीय दादासाहेबांनी स्वतःच्या हाताने तारा बदलल्या. तलवार धनाला लावली आणि पाण्यात मीठ घातलं. त्यानंतर जी वस्तू उजळून निघाली, ती आज आपल्यासमोर आहे.”

यापेक्षा सोपं करून मला सांगता आलं नसतं. मी दहावीच्या मुलांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतली हुशार मुलगी, जिला चाचणीत याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते, माझ्याकडे पाहून हसली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळ्यांनी वाजवल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “दादासाहेबांनी सवताच्या हातानं केलं रं.” त्यावर आणखी टाळ्या. कर्नलनी माझं अभिनंदन केलं. मी खाली येऊन बसले तेव्हा समोरच्या हजार माणसांची मला किळस आली होती.

पंगती उठल्यावर दादासाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. एकटेच होते. फेटा काढून टेबलावर ठेवला होता. “दार लोटून घ्या,” म्हणाले. मी उभीच राहिले.

“चांगलं बोललात,” ते म्हणाले. “एक चूक न्हाई.”

“मी खरं तेच बोलले.”

“म्हून तर म्हनतो. खरं कुणाला ऐकू येत न्हाई, तवर बोलावं.” त्यांनी पान तोंडात टाकलं. “बाई, तुमचं हसू मी दोन वर्सं बघतोय. ‘गंज काढल्यावर राहिलं काय’ हे तुम्ही झकास म्हणून दाखवता, असं कानावर हाय.”

आई म्हणाली ते खोटं नव्हतं.

“ते हसण्यावारी नव्हतं, बाई. खरंच काय राहिलं असतं, सांगू? त्या रेघा मोडी न्हवत्या. इंग्रजी हुत्या. एका संस्थानाच्या बँडपथकाचं नाव आणि नंबर. बँडमास्तर पुढं चालताना हातात धरतो ती तलवार. संस्थानं गेली तवा जुन्या बाजारात भंगारात निघाली, ती वडलांनी आणली. मी सात-आठ वर्सांचा असंन. चकचकीत हुती.”

“मग तो गंज?”

“मिठाच्या पोत्यात पुरून ठेवली. वरनं पाणी मारायचं काम माझ्याकडं. एवढा गंज चढवायला वडलांना दोन पावसाळे लागले, आणि तुम्ही अर्ध्या तासात काढलात.”

मी खुर्ची ओढली आणि न विचारता बसले. शनिवारचे त्यांचे प्रश्न एकेक करून माझ्यापुढे आले. तारा उलट्या लावल्या तर. सगळी खाल्ली जाईल का. मीठ पडलं तर. पाचवीतल्या पोराचे म्हणून ज्यांच्यावर मी हसले होते, त्यांत एकही फालतू प्रश्न नव्हता. माझ्या पुऱ्या नोकरीत धडा इतक्या नेमकेपणाने विचारून घेणारा आणि लगेच वापरणारा दुसरा विद्यार्थी मला मिळाला नाही, आणि तो सातवी नापास होता. मला विलक्षण अपमान वाटला. यापेक्षा त्यांनी मला नोकरीवरून काढलं असतं तर परवडलं असतं.

“मग ते ऋणाचं नाटक कशाला?” मी विचारलं.

“अडाण्याला कुणी पुरावा मागत न्हाई, बाई. तलवार मी मुद्दाम घालवली म्हटलं असतं तर कसबा पेटून उठला असता. ‘ऋण’ शब्दाला बिचकून घालवली म्हटलं तर तुम्हीसुद्धा हसलात. हसणारं माणूस पुढं काय विचारत न्हाई.” त्यांनी खिडकीकडे मान वळवली. बाहेर अजून रांग होती. “ह्या लोकांना तलवार कशाला पायजे? डोकं टेकायला जागा पायजे. ती दिली. त्या कर्नलला उगा भ्यालो, एवढंच.”

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षं मी त्यांना मूर्ख समजत होते, म्हणून त्यांची घृणा वाटायची. ते मूर्ख नव्हते. आता ती जास्तच वाटत होती, आणि तीत मी स्वतःही कुठेतरी बसत होते.

त्यांनी खण उघडून माझी ऑर्डर काढली, पुढ्यात ठेवली आणि पेनाचं टोपण उघडलं. पण सही केली नाही. पेन कागदावर धरून विचारलं, “बाई, एक शास्त्रातलं सांगा. ती पट्टी आता पुन्हा गंजंल का?”

प्रश्न शास्त्रातला नव्हता, तोंड बंद ठेवणार का असा होता, हे या वेळी मला कळलं. कबूल असेल तर तेल लावून ठेवा, हवा लागू देऊ नका, असं काहीतरी सांगता आलं असतं. किंवा उठून जाता आलं असतं. बाहेर लोक पट्टीला हात लावून तेच बोट कपाळाला टेकवत होते आणि माझी पहिल्या रांगेतली हुशार मुलगी त्यांना ओळीने उभं करत होती.

“गंजू द्या, दादासाहेब,” मी म्हणाले. “चार पावसाळे गेले की तीही खापरपणजोबांची होईल.”

दादासाहेबांनी मान हलवली आणि सही केली.